दहावीचा पोर्शन मे महिन्यात? पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे उजाडला की हेच प्रश्न येतात, फक्त गाव बदलते. गोव्यातल्या हायस्कूलच्या पालकांनी विचारलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगी नववीत आहे. सुटीत रोज किती तास अभ्यास करावा? (फोंडा)

दीड तास. सकाळी, उकाडा वाढण्याआधी, पाऊण तासाच्या दोन बैठका.

एक क्लास म्हणतो, दहावीच्या गणिताचा अर्धा पोर्शन मेमध्येच संपवू. आज पैसे भरले तर सवलत आहे. भरावे का? (म्हापसा)

आज तर मुळीच नको. 'शेवटच्या चार जागा' दर मेमध्ये शेवटच्याच असतात. क्लासवाल्यांना एवढेच विचारा: आधी चाचणी घेऊन मुलाचे काय कच्चे आहे ते लेखी सांगाल का? उत्तर टाळले, तर घरी या. पोर्शन संपतो म्हणजे फळ्यावर संपतो. क्ष² − ३क्ष − १० = ० यात ब² − ४अक काढायला सांगा (अ = १, ब = −३, क = −१०). ४९ यायला हवे तिथे मूल ९ − ४० करून −३१ लिहिते आणि 'रियल रूट्स नाहीत', म्हणजे समीकरणाला वास्तव उत्तरच नाही, म्हणून मोकळे होते. ही चूक दहावीची नाही, सातवीच्या ऋण संख्यांची आहे. शिवाय २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, म्हणजे सुटीआधी काही भाग शाळेतही शिकवून होतो. क्लास लावायचाच असेल, तर आधी शाळेच्या गणित शिक्षकांशी बोला.

मुलगा नववीत गेला. समीकरणे सोडवतो, पण शाब्दिक उदाहरण आले की अडतो. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, आता इंग्रजीत शिकतो, म्हणूनच असे होते असे नातेवाईक म्हणतात. (साखळी)

नातेवाइकांचे सोडा. समीकरण सुटते म्हणजे गणित येते. अडते ते इंग्रजी वाक्य, आणि ते पहिलीपासून इंग्रजीत शिकलेल्यांनाही अडते.

'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर' हे घ्या. मूल वाचत जाते तसे लिहीत जाते: ५ − २क्ष. हवे होते २क्ष − ५. आता मराठीत म्हणा: एका संख्येच्या दुपटीहून पाच कमी. आधी दुप्पट, मग पाच. शब्दांचा क्रम तोच समीकरणाचा. 'सबट्रॅक्ट ७ फ्रॉम १५'चेही तसेच; '१५ मधून ७ वजा करा' यात उलटापालट नाही. म्हणजे तुमच्या मुलाची मराठी इथे अडचण नसून हाताशी असलेले साधन आहे, आणि नेमके तेच वापरू नको असे त्याला सांगितले जाते!

आठवीच्या पुस्तकातला एकचल समीकरणांचा धडा काढा. रोज चार उदाहरणे, पाचवे नको. पहिला आठवडा एकही सोडवायचे नाही, फक्त मांडायचे. उदाहरण मोठ्याने वाचून मुलाने ते मराठीत सांगायचे. तुम्ही भाषांतर करून दिलेत तर सराव तुमचा होईल. मग 'क्ष म्हणजे मुलाचे आजचे वय, वर्षांत' असे पूर्ण वाक्य लिहायचे; नुसते 'क्ष = मुलगा' चालणार नाही. त्यानंतर समीकरण, आणि लगेच एखादी संख्या घालून पडताळा. संख्या १० धरली तर दुपटीहून पाच कमी म्हणजे १५. २क्ष − ५ मधून १५ येतात, ५ − २क्ष मधून −१५. चूक त्याची त्यालाच दिसते. वयाच्या उदाहरणांत 'पाच वर्षांनंतर' आले की मुले एकाच्याच वयात पाच मिळवतात, तिथे थांबवून विचारा: आणि बापाचे वय? दुसऱ्या आठवड्यापासून उत्तरापर्यंत जा. एक्सीड्स, अ‍ॅट लीस्ट, रिस्पेक्टिव्हली असे शब्द अडतील तसे वहीच्या मागे लिहून ठेवा.

दोन आठवड्यांनी फरक दिसला नाही, तर गेल्या वर्षीची वही घेऊन शिक्षकांना भेटा.

स्मरणशक्तीचे चूर्ण द्यावे का? (पेडणे)

नको. आठ-नऊ तास झोप द्या. त्याउपर काही द्यायचे, तर डॉक्टरांना विचारून.

मुलगी आठवीत आहे. तोंडी सगळे सांगते, पण वाचताना ओळी सुटतात, लिहिताना अक्षरे गळतात. दहावी आल्यावर बघू का? (काणकोण)

नाही! दहावीच्या जानेवारीत अध्ययन अक्षमतेच्या (लर्निंग डिसॅबिलिटी) दाखल्यासाठी धावाधाव करणारे पालक दर वर्षी दिसतात. आधी डोळे तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी. आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही, शेजाऱ्यांनीही सांगू नये. निदान झाले तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू शकतात, पण त्यासाठी दाखला लागतो. तो कोणाचा चालतो आणि अर्ज कधी करायचा, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. तोवर 'आळशी' हा शब्द घरात नको, आणि शुद्धलेखनाची पानेही नकोत.