काँगोतला 'जिवंत डायनासोर': दंतकथा, आख्यायिका की अफवा?

मुलुंडच्या एका मराठी शाळेतल्या शिक्षिकाताईंचा प्रश्न आलाय. विज्ञानाच्या भित्तिपत्रकावर मोकेले-म्बेम्बेबद्दल, म्हणजे काँगोच्या जंगलात अजून डायनासोर जगतोय असं जे म्हणतात त्याबद्दल, मुलं लिहिणार आहेत, तर त्याला दंतकथा म्हणायचं, आख्यायिका म्हणायचं की सरळ अफवा? स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले भाकडकथा लिहा, विषय संपला. त्यात दुसरा प्रश्न असा की 'डायनासोर'ला भीमसरट हा शब्द चालेल का.

आधी उत्तर देतो. तिथली नदीकाठची माणसं जे सांगतात ती दंतकथा. तो प्राणी डायनासोर आहे हे बाहेरच्यांनी जे पसरवलं ती आवई, किंवा जरा सौम्य हवं असेल तर वदंता. आख्यायिका इथे बसत नाही, आणि भाकडकथा तर अजिबात नको. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय, भाकडकथा म्हणजे जिच्यातून काहीच निघत नाही अशी गोष्ट, आणि या गोष्टीतून तर खूप काही निघतं, फक्त डायनासोर निघत नाही.

आता कारणं. दंतकथा हा शब्द बघा, दातांतून दातांत, म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट, पहिल्यांदा कोणी सांगितली ते माहीत नाही आणि कोणी विचारतही नाही. अफवा अरबीतून आलाय, तिकडे 'फूह' म्हणजे तोंड आणि 'अफवाह' त्याचं अनेकवचन, म्हणजे नुसती तोंडं! दोन वेगळ्या भाषांनी एकाच अवयवावरून शब्द घडवले पण मराठीत येईपर्यंत दोघांचं वजन पार वेगळं झालं, दंतकथेला वय असतं आणि अफवेला घाई असते. अफवा आज दुपारी दादर स्टेशनवर उठते आणि रात्री कर्जत लोकलमध्ये मरते, दंतकथा चार पिढ्या टिकते. वदंता या दोघींच्या मधे कुठेतरी, वद् म्हणजे बोलणे या धातूवरून, किंवदंती पण त्यातलीच, 'किं वदन्ति', लोक काय म्हणतात बरं. वदंता म्हणताना आपण खरं-खोटं ठरवत नाही, फक्त 'असं बोललं जातं' एवढंच सांगतो.

आख्यायिकेचं प्रकरण जरा जुनं आहे आणि मला फार आवडतं. अमरकोशात 'आख्यायिका उपलब्धार्था' असं म्हटलंय, म्हणजे जिचा विषय आधीपासून माहीत आहे, घडून गेलेला आहे, आणि कथा म्हणजे रचलेली कल्पना. म्हणून बाणभट्टाचं हर्षचरित ही आख्यायिका, कारण हर्ष राजा खरा होता, आणि त्याचंच 'कादंबरी' नावाचं पुस्तक ही कथा. दंडी या जुन्या काव्यशास्त्रकाराला हा भेद पटला नाही, तो आपल्या काव्यादर्श या ग्रंथात म्हणतो जात एकच, नावं दोन, पण मराठीच्या कानाने मात्र तो भेद थोडासा जपलाय असं मला वाटतं. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली याला आपण आख्यायिका म्हणतो, कारण माणूस ठरलेला आहे, गाव ठरलेलं आहे. आख्यायिकेला असा एखादा खुंटा लागतो. (जाता जाता, हल्ली बातम्यांत 'दंतकथा बनलेला खेळाडू' असं जे येतं ते मला खटकतं, ते सरळ इंग्रजीवरून उचललंय, खेळाडू 'आख्यायिका होऊन राहिला' म्हटलं तर निदान मराठी कानाला ओळखीचं तरी लागेल.)

मोकेले-म्बेम्बेला असा खुंटा नाही. काँगो नावाचे दोन देश आहेत, त्यातल्या ब्राझाव्हिल राजधानी असलेल्या काँगोतला लिक्वाला नावाचा दलदलीचा प्रदेश, त्यात टेले नावाचं उथळ, जवळजवळ गोल तळं, त्या बाजूला पाण्यात राहणाऱ्या एका मोठ्या प्राण्याबद्दल बोलतात. लिंगाला भाषेतल्या या नावाचा अर्थ सहसा 'नदीचा प्रवाह अडवणारा' असा दिला जातो. काही जण त्याला खराखुरा प्राणी म्हणून सांगतात तर काही जण आत्म्यासारखं काहीतरी म्हणून. डायनासोर हा शब्द त्या गोष्टीत मुळात नाहीच, तो बाहेरून आला, आणि कधी आला तेही तारखांवरून दिसतं.

1776 मध्ये प्रोयार नावाच्या फ्रेंच पाद्र्याचं पुस्तक आलं, त्यात त्या किनारपट्टीच्या जंगलात मिशनऱ्यांना साधारण तीन फूट घेराचे, नखं उमटलेले पायाचे ठसे दिसल्याचं आहे. बस, एवढंच. तो डायनासोर म्हणूच शकत नव्हता कारण शब्दच जन्मला नव्हता, रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो 1842 मध्ये छापला. मग 1905 मध्ये लंडनला आणि 1908 मध्ये बर्लिनला अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनासोरच्या सांगाड्याच्या प्रतिकृती लागल्या, युरोपात घरोघरी लांब मानेचा प्राणी ओळखीचा झाला, आणि लगेच त्याच सुमाराला हॅम्बुर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक आठवणींत लिहितो की ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झांबिया-झिम्बाब्वेच्या) आत अर्धा हत्ती अर्धा ड्रॅगन असा प्राणी असल्याचं त्याला कळलंय आणि तो ब्रॉन्टोसॉरस या तशाच लांब मानेच्या डायनासोरसारखा काहीतरी असणार. म्हणजे आधी म्युझियममध्ये सांगाडा उभा राहिला आणि मग जंगलात प्राणी दिसायला लागला! हा क्रम मुलांना भित्तिपत्रकावर नक्की दाखवा, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. 1913 च्या जर्मन मोहिमेवरच्या फॉन श्टाइन या अधिकाऱ्याच्या टिपणात मग लांब लवचिक मान येते आणि मोकेले-म्बेम्बे हे नावही येतं.

पुढे 1980 आणि 1981 मध्ये शिकागो विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ रॉय मॅकल तिकडे जाऊन आले, त्यांच्यानंतर बरेच जण गेले, हाती हाड नाही, कातडं नाही, धड फोटो नाही. मॅकलचे सहकारी जेम्स पॉवेल यांनी त्याआधी गॅबॉनमध्ये लोकांना चित्रं दाखवली होती, तेव्हा डिप्लोडोकसच्या चित्रावर बोट ठेवलं गेलं. पण नंतर एका चित्रवाणी चमूने काँगोत गेंड्याचं चित्र दाखवलं तर तिथल्या लोकांनी तोच मोकेले-म्बेम्बे म्हणून सांगितला, आणि त्या भागात गेंडा राहत नाही. म्हणजे उत्तर बरंचसं हातातल्या चित्रावर ठरतंय.

हे आपल्या मुंबईत बसून सहज समजेल असं आहे. आरेच्या पाड्यांवर किंवा नॅशनल पार्कच्या कडेला आजीबाईंना विचारा, त्या म्हणतील काल रात्री वाघ आला होता. बिबट्याला वाघ म्हणायची आपली जुनी रीत आहे, वाघोबाची ठाणी आहेत, त्यात खोटं काही नाही. आता एखादा परदेशी माणूस हातात पट्टेरी वाघाचं चित्र घेऊन आला, आजींनी मान डोलावली, आणि त्याने तिकडे जाऊन छापलं की मुंबईत पट्टेरी वाघ मोकळे फिरतात, तर आजी खोटं बोलल्या का? नाही ना. आजींची गोष्ट वेगळी आणि त्याची बातमी वेगळी, म्हणून मी दोघांना दोन शब्द मागतोय. काँगोच्या माणसांना अफवा पसरवणारे म्हणणं मला अन्याय वाटतो.

आणि जिथे मुद्दाम बनवाबनवी आहे तिथे तर मराठीत अजून ठसठशीत शब्द आहे, कंडी पिकवणे. 1932 मध्ये बेल्जियन काँगोतल्या कसाई भागात टी-रेक्ससारखा प्राणी दिसल्याची बातमी फिरली, सोबतचे फोटो कापून चिकटवलेले निघाले, ती कंडी. हागेनबेकला खरंच वाटत होतं, म्हणून त्याची ती आवई, कंडी नाही.

ताईंच्या वर्गातली मुलं म्हणे सीलॅकँथचं उदाहरण देतात, तो मासा संपला असं मानत होते आणि 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला, मग डायनासोर का नाही? प्रश्न चांगला आहे, दाबू नका. फरक असा की सीलॅकँथ खोल समुद्रातला मासा, आणि तो प्रत्यक्ष जाळ्यात आला, तिथल्या संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांच्या हातात आला. हत्तीएवढा सॉरोपॉड, म्हणजे डिप्लोडोकसच्या जातीचा लांब मानेचा डायनासोर, उथळ तळ्यात राहायचा तर एकटा राहून चालणार नाही, कळप लागेल, पिल्लं, मेलेली जनावरं, हाडं, आणि डायनासोर संपले तेव्हापासूनच्या 6.6 कोटी वर्षांच्या थरांत कुठेतरी त्याचा एखादा तरी जीवाश्म लागेल. काहीच नाही. आणि काटेकोर बोलायचं तर जिवंत डायनासोर खिडकीत बसलेले असतातच, पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज, शास्त्रज्ञ त्यांना त्यातच धरतात. म्हणून भित्तिपत्रकावर 'जिवंत डायनासोर' नुसतं लिहू नका, 'जिवंत सॉरोपॉड' किंवा 'लांब मानेचा डायनासोर जिवंत असल्याची वदंता' असं लिहा.

भीमसरट चालेल, मला तर सुंदर वाटतो. ओवेनने ग्रीक 'डेइनोस' म्हणजे भयंकर आणि 'साउरोस' म्हणजे सरडा असे दोन शब्द जोडले. संस्कृतात भीम म्हणजे आधी भयंकर, भी म्हणजे भिणे यावरून, धिप्पाड वगैरे नंतर, आणि सरट म्हणजे सरडा. शब्दाला शब्द बसतो. तरी मुलांसाठी शीर्षकात डायनासोर ठेवा आणि खाली कंसात भीमसरट द्या, नाहीतर वाचणारा थांबेल. आणि त्याच ओवेनने 1847 मध्ये आपल्या वरळीच्या टेकडीत सापडलेल्या छोट्या बेडकाच्या जीवाश्माचंही वर्णन केलं होतं हे टाका, मुलांना आवडेल, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात ते बेडूक मिळाले होते.

एक शेवटची भर. आपल्याकडे अरुणाचलच्या आपातानी लोकांत 'बुरू' नावाच्या दलदलीतल्या मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याची गोष्ट आहे. 1948 मध्ये राल्फ इझर्ड आणि चार्ल्स स्टोनर जवळच्या रिलो खोऱ्यात तो शोधायला गेले, मिळाला नाही. पण आपातानी स्वतः तो आज आहे असं म्हणतच नाहीत, आमच्या पूर्वजांनी झिरोच्या खोऱ्यात वस्ती करताना दलदल उपसली तेव्हा तो संपवला असं सांगतात. इथे ठिकाण ठरलेलं आहे, पूर्वज ठरलेले आहेत, प्रसंग ठरलेला आहे. बुरूची चौकट टाकणार असाल तर तिथे आख्यायिका हा शब्द बिनधास्त वापरा.