घरफाळा कुणी भरला, आण्णा?

"घर मामांच्या नावावर न्हाई, मग अर्ज करून उपयोग काय?" हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. मामा म्हणजे सासरे, आणि अर्ज दिव्यांग माणसासाठी घरात बदल करायला महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून पैसे मिळावेत म्हणून. विचारणारी बहुतेक वेळा सून किंवा लेक असते. ज्यांच्यासाठी विचारायचं ते स्वतः क्वचितच येतात. नावाची अडचण खोटी नसते. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी दडलेलं असतं, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली सून आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) सासरे उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर. साखरेनं उजवा पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला. घर बोळात, सातबारा वगैरे भानगड नाही, पण प्रॉपर्टी कार्डावर नाव थोरल्या भावाचं आणि ते मुंबईला. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. २०२१ ला परत आलं. मग कर्ज काढून आत भराव टाकला, फरशी दोन फूट वर घेतली, दाराशी चार पायऱ्या आल्या. "पाणी आत येऊ नये म्हणून केलं मॅडम. आता मामाच भाईर जाईनात."

मी लगेच माहिती द्यायला सुरुवात केली. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. पूर्वी हे ३ टक्के होते, २०१६ च्या कायद्यानंतर ५ झाले. शहरात महापालिका, खेड्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. या पैशातून कोणत्या योजना घ्यायच्या ते प्रत्येक संस्था आपलं आपण ठरवते, म्हणून शेजारच्या गावात कुणाला काय मिळालं यावर विसंबू नका, आपल्याच कार्यालयात लेखी विचारा. नावाचं म्हणाल तर थोरल्या भावाचं संमतीपत्र घेऊन ठेवा. आणि एक, मंजुरीआधी बांधकाम केलंत तर ते पैसे मागाहून मिळतील असं धरून चालू नका.

तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. पंधरा दिवसांनी परत आली. कार्ड झालं होतं, संमतीपत्र आलं होतं, अर्ज भरून तयार होता. सही नव्हती. "मामा म्हणत्यात, मी काय भिकारी हाय व्हय?"

तेव्हा मी घरी गेले. आधीच जायला हवं होतं.

सासरे, म्हणजे आण्णा, पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. मी कायदा सांगायला लागले तशी त्यांनी चादर ओढून घेतली. सूनबाई ओशाळली. मी गप्प बसले आणि घर बघायला लागले. तिच्या अर्जात मागणी होती रॅम्पची. आता रॅम्पचा हिशोब साधा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फूट उंचीला चोवीस फूट. बोळ आठ फुटांचा, तोही महापालिकेचा. अर्ज मंजूर झाला असता तरी रॅम्प ठेवणार कुठं?

शिवाय दाराबाहेर जायची घाई आण्णांना नव्हतीच. आत्ती, म्हणजे सासूबाई, हळूच म्हणाल्या, "न्हाणीघरात दोनदा पडलेत, कुणाला सांगू देत न्हाईत." मागं भारतीय बैठकीचा संडास, गुळगुळीत फरशी आणि सव्वीस इंची दार. व्हीलचेअर दारात अडकत होती, म्हणून ते चौकटीला धरून एका पायावर आत उड्या मारत जायचे. आणि पडले की पडलो म्हणायचं नाही. उभ्या बोळाला दिसेल असा रॅम्प तर त्यांना सगळ्यात नको होता. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

उठता उठता मी सहज विचारलं, "घरफाळा कुणी भरला, आण्णा? मुंबईच्या भावानं?"

चादर बाजूला झाली. "त्यानं? एक रुपाया न्हाई." मग आत्तींना फर्मान सुटलं. ट्रंकेतून घरफाळ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावत्यांची फाइल आली. सालवार लावलेली, सुतळीनं बांधलेली. नाव भावाचं, पैसे यांचे. मी एवढंच म्हटलं की ते ५ टक्के महापालिकेच्या उत्पन्नातून निघतात, आणि त्या उत्पन्नात ही फाइल आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण थोड्या वेळानं म्हणाले, "दांडी कितीची लावणार?"

भिंतीवरच्या धरायच्या दांडीबद्दल विचारत होते. मला काय कळतंय त्यातलं! मी म्हटलं, तुम्हीच सांगा. मग नातवाच्या वहीचं पान मागवलं. पाइप दीड इंची, त्याहून जाड असला तर मूठ वळत नाही. भिंतीपासून दोन बोटं लांब, नाहीतर बोटं चेंगरतात. पॉलिश नको, ओल्या हाताला घसरतंय. मापं मिलिमीटरमध्ये लिहिली, बाणांसकट. दार तीन फुटांचं, उंबरा नको. उंबरा काढायचा म्हटल्यावर आत्ती थोड्या कुरकुरल्या, पण तो मागच्या दाराचा, तिथं कोण हळदीकुंकू वाहतंय, असं म्हणून त्यांनीच वाद मिटवला.

दांड्या आणि कमोड खुर्ची त्यांनी खिशातूनच केली, ते थांबण्यासारखं नव्हतं. उद्यमनगरातल्या जुन्या सोबत्यानं पाइप वाकवून दिला. जुना अर्ज फाडला. नव्यात रॅम्प नाही. संडास-न्हाणी बदलणं, दार रुंद करणं, अंदाजपत्रक आणि सोबत ते वहीचं पान. सही ठसठशीत.

अशा वेळी घरच्यांना माझं सांगणं असतं की अर्जाआधी एक दिवस त्या माणसाबरोबर घरभर फिरा, कुठं धरतो, कुठं थांबतो ते बघा, आणि मागणी त्याच्या तोंडून येऊ द्या. नावाची, संमतीपत्राची खटपट त्यानंतर. अर्ज दिलात की पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचारा. तिथं उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.

आण्णांचा अर्ज पहिल्या खेपेला परत आला. संमतीपत्र साध्या कागदावर होतं, स्टॅम्प पेपरवर हवं म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं, कोण जाणे. सूनबाई रडकुंडीला आली, आण्णा नाही आले. "ड्रॉइंगमधी चूक न्हाई ना काढली? मग दे परत."

दुसऱ्या खेपेचा आवक क्रमांक त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय, कारखान्यात जॉबचा नंबर लिहीत तसा. पैसे अजून आलेले नाहीत. बाहेरच्या चार पायऱ्यांचं काय करायचं ते ठरायचंय. बोळातली पोरं खुर्चीसकट उचलून खाली नेतो म्हणतात. आण्णा अजून तयार नाहीत.