माइल्स जमवायचेत? आधी बिल पूर्ण भरायची सवय लाव

भावा, माइल्स म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट. त्यांच्यासाठी क्रेडिट कार्ड घेण्याआधी एक पक्कं कर: दर महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहिलास तर वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात व्याज बसतं, मग कसले माइल्स आणि कसलं काय!

आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला किराणा, राजारामपुरीतली कपडेखरेदी, जो खर्च होणारच आहे तोच कार्डावर टाक. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंस की दुकानातल्या क्यूआरवरही चालतं. मित्राला पैसे पाठवायला मात्र नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट नसतात. गुजरीत सोनं घेताना कार्डासाठी वर दोन टक्के मागितले तर सरळ खात्यातून पैसे दे.

सगळ्यात महत्त्वाचं, कार्डावर जमलेले बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवून एकदा माइल्स केले की सहसा परत येत नाहीत. आधी हव्या त्या तारखेला सीट आहे का बघ, मगच वळव. एअर इंडियाचं महाराजा क्लब, म्हणजे माइल्स जमवायचं खातं, फुकट उघडतं. कंपनी 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्साचाही पर्याय राहतो. माइल्सवर काढलेल्या तिकिटावरचे कर बहुतेक वेळा खिशातूनच जातात, तेवढे बाजूला ठेव.