घरच्या संगणकाला ८ जीबी रॅम पुरेल, की १६ जीबी घ्यावी?

१६ घ्यावी. (रॅम म्हणजे संगणक चालू काम हाताशी ठेवतो ती जागा.) प्रश्नात आपण 'साधा घरगुती वापर' असे म्हटले आहे आणि जास्तीचे पैसे वाया जातील अशी शंकाही व्यक्त केली आहे. ही शंका मी गेली अनेक वर्षे आमच्या दाजींच्या तोंडून ऐकत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

पुण्यात माझा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा, व्यवसाय आहे आणि त्याचे हिशेब थोरल्या बहिणीचे यजमान पाहतात. २०१२ साली दिवाळी अंकांच्या हंगामाआधी मी नवा संगणक जोडून घेतला. दाजींचे म्हणणे होते की ४ जीबी पुष्कळ झाली, त्यांच्या कचेरीत २ जीबीवर सगळा कारभार चालतो. मी हट्टाने ४ जीबीच्या दोन स्टिक बसवून घेतल्या. एका अंकाच्या मुखपृष्ठाची फाइल सकाळी छपाईच्या प्लेटसाठी द्यायची होती आणि आदल्या रात्री साडेअकराला मशीन अक्षरशः गोठले. माउसचा बाण हलत होता, पण बाकी काही हलत नव्हते. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा मात्र न मिटता पेटलेला होता. ए-फोर आकाराचे चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चार रंगांत उघडले की त्याचा एकटा थरच (लेयर) सुमारे ३५ एमबी जागा घेतो. माझ्या फाइलमध्ये असे वीसेक थर होते आणि शेजारी कोरल ड्रॉ हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर उघडे होते. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर लिहू लागते, आणि तेव्हाच्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याचा अर्थ चहा करून, पिऊन, कप विसळून परत येणे असा होता. फाइल पोहोचली, पण दुपारी. दाजींनी बिल काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "आठ टाकली ना? मग फरक कुठे पडला?"

फरक पडला नव्हता हे खरे होते, पण कारण वेगळेच होते आणि ते कळायला सात महिने गेले. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाने सहज 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर तिथे लिहिले होते: ८.०० जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२४ जीबी. मशीन जोडणाऱ्याने आमच्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर (तो चालवणारे सॉफ्टवेअर) चालावा म्हणून मला न विचारता ३२-बिट विंडोज ७ टाकले होते. ३२ बिटांत मेमरीतल्या जागांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात, एका पत्त्याला एक बाइट म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी राखलेले असतात. निम्म्याहून जास्त रॅम नुसती खाचेत बसून होती. ३२-बिटवरून ६४-बिटवर नुसते अपग्रेड होत नाही, त्यामुळे सगळे पुसून नव्याने टाकले, स्कॅनर जुन्या मशीनला जोडला, आणि तेच मुखपृष्ठ मुकाट्याने उघडले. हे मी दाजींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकूनही घेतले, पण पुढच्याच बारशाला पंगतीत 'आठ जीबीचा किस्सा' पुन्हा रंगला.

आता आपल्याविषयी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरते. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसीसाठी (एआयची कामे यंत्रावरच करू शकणाऱ्या संगणकांसाठी) १६ जीबी ही किमान अट घातली आणि त्याच वर्षी ॲपलनेही नव्या मॅकची सुरुवात १६ जीबीपासून केली, यावरून वारे कुठे वाहते ते कळावे. व्हिडिओ संपादन करणार असाल तर ३२ चा विचार करा. आणि ज्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यात 'नंतर वाढवू' ही सोय नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याच रॅममधून चित्रालाही वाटा द्यावा लागतो.

हे आधीच सांगायला हवे होते, पण घरचे जुने यंत्र अजून हार्ड डिस्कवर चालत असेल तर पहिला पैसा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) खर्च करावा. नुसते टंकलेखन, ईमेल आणि बँकेची कामे असतील तर ८ जीबी चालते, हेही मला मान्य करावे लागेल. सध्याच्या यंत्रावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखालचा 'कमिटेड' (चालू कामांनी मागितलेली एकूण मेमरी) हा आकडा कामाच्या भरात पाहावा. तो बसवलेल्या रॅमच्या सतत वर राहत असेल तर बहुधा रॅमच कमी पडते आहे.

दाजींनी गेल्या वर्षी स्वतःसाठी लॅपटॉप घेतला, तो १६ जीबीचा आहे. दुकानदाराने गळ्यात मारला, असे ते सांगतात.