मागच्या बाकावरून

पोरी, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चर्चच्या मंडळीतले दोन गट, देवळाच्या जागेवरून चाललेला दावा, वर्गणीच्या हिशेबावरून आशीर्वचन व्हायच्या आत सुरू झालेली शिवीगाळ. यातलं काहीच मला नवं नाही, आणि तुला ते बघवत नाही याचं मला बरंच वाटतं. पण शेवटी तू बायबलातलं मत्तय ६:६ लिहिलंस. खोलीत जा, दार लाव, गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. म्हणून देवळात येणं बंद. तिथे मी पत्र खाली ठेवलं.

वचन अर्धं वापरू नये. प्रभू तिथे कुणाबद्दल बोलतो आहे? लोकांनी बघावं म्हणून सभास्थानात आणि चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल. 'खोली' म्हणून आपण जो शब्द वाचतो तो मूळ ग्रीकमध्ये कोठाराचा आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना कोठार नाही असं म्हटलंय, तिथे तोच शब्द. धान्यसाठ्याच्या अंधारात बस, तिथे तुला बघून वाहवा करणारं कुणी नसेल, एवढंच तो सांगतो. देऊळ सोड असं तो म्हणाला नाही. तीनच ओळींनी पुढे प्रार्थना शिकवतो ती 'आमच्या' या शब्दाने सुरू होते.

तू आता सूखारच्या विहिरीवरची शोमरोनी बाई काढशील. देवाची उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, असं प्रभू तिला म्हणाला. देव माणसाने बांधलेल्या घरात राहत नाही म्हणणारा स्तेफनही काढशील. काढ. हातांनी बांधलेल्या घरात देव मावत नाही हे शलमोन राजाने मंदिराच्या समर्पणाच्याच दिवशी, वेदीपुढे उभं राहून कबूल केलं होतं, १ राजे ८:२७. देवाला जागा लागत नाही, मान्य. आपल्याला लागते. मी चाळीस वर्षं पाळकी केली, मला ते ठाऊक आहे. जागा सोडू नकोस.

जुन्या करारातली हन्ना बघ, मुलासाठी देवापुढे रडणारी. ती शिलोच्या मंदिरात जात होती तेव्हा तिथली व्यवस्था कुणाच्या हातात होती? याजक एलीच्या पोरांच्या. लोकांच्या अर्पणाचं मांस शिजत असताना तीन दातांचा काटा खुपसून जे वर येईल ते उचलणारे हफनी आणि फिनहास. तुझे पंच त्यांच्यापुढे बरे म्हणायचे. तरी ती वर्षानुवर्षं गेली. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कोठार म्हणतात ते तिने त्या गर्दीत स्वतःबरोबर नेलं होतं.

येशूचे शिष्य पेत्र आणि योहानही बघ. ज्या याजकांनी त्यांच्या गुरूला मरणाला दिलं, त्यांच्याच ताब्यातल्या मंदिरात ते प्रार्थनेच्या वेळी, दुपारी तीनला, वर गेले. गुरूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले, पण दुसऱ्या दिवशी तिथेच शिकवत बसला. 'लुटारूंची गुहा' हे त्याचे शब्द संदेष्ट्या यिर्मयाचे, आणि यिर्मया ते कुठून बोलला? मंदिराच्या दारात उभा राहून. तू रागाव ना. खुशाल रागाव. दारात उभी राहून रागाव.

टिळकांचं नाव तू घेतलंस, त्याचं मला वाईट वाटलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि पुढे काय केलं? देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसवलं. त्याला एकटं बसणं म्हणत नाहीत.

तुझ्या अंगावर कुणी हात टाकला असता तर मीच म्हटलं असतं, ऊठ आणि पोलिसांत जा. तुझं कारण किळस आहे. किळस मलाही आली. दाव्याच्या वेळी दोन्ही गटांनी माझ्यापुढे कागद ठेवले, मी एकावरही सही केली नाही. दोघांनीही मला भित्रा म्हटलं, आणि त्यानंतर वर्षभर मला कुणी उपदेशाला उभं केलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो, दर रविवारी. आमची ही म्हणते, तुमचा नुसता हट्ट. हट्ट तर हट्ट. सही केली असती तर त्या बाकावर मी कुणाचा तरी माणूस म्हणून बसलो असतो. प्रार्थना करणारा म्हणून बसायचं असेल तर हात कोरा ठेवावा लागतो, हे मला अजूनही बरोबर वाटतं.

पण तुला एक सांगायला हवं, नाहीतर वरचं सगळं लिहायचा मला हक्क नाही. मी नवा पाळक असताना बुधवारच्या प्रार्थना सभेत एक बाई मोठ्याने रडू लागली. पंच वळून बघायला लागले. मी शब्बाथ शाळेच्या बाईंना खूण केली, त्यांनी तिला दंड धरून बाहेर नेलं. मी पुढचं गीत सांगितलं. एलीने हन्नाला दारूडी समजून झापलं तरी तिचं उत्तर ऐकून घेतलं, शांतीने जा म्हणाला. मी विचारलंही नाही. ती परत आली नाही. तिचं पोर त्याच आठवड्यात गेलं होतं, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

तिने जागा सोडली ती माझ्यामुळे. तुला 'सोडू नकोस' म्हणताना ती रोज समोर उभी राहते, म्हणूनच मी इतका ओरडतो आहे.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेलो होतो. आता खूप थकली आहे. तिने पाणी दिलं, चहा टाकला, देवळाचा विषय मात्र काढू दिला नाही. माफीचं वाक्य मी घरून पाठ करून नेलं होतं, ते तसंच परत आणलं. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.

तुझा,
काका