नीट की कॉम्प्युटर?

नमस्कार,

तुमची मुलगी अकरावीत आहे, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेतलंय. तिच्या चुलतभावाला औषधं चालू असूनही फिट येतात आणि एमआरआय मात्र ‘नॉर्मल’. एमआरआयमध्ये नजरेतून सुटलेले असे दोष एआय शोधतं हे वाचल्यापासून तिला तेच करायचंय, आणि तुम्ही विचारताय: नीट की कॉम्प्युटर?

तिने वाचलं ते बहुधा लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि यूसीएलमधल्या संशोधकांच्या ‘मेल्ड ग्राफ’ या एआय प्रोग्रॅमबद्दल असावं. गर्भात मेंदूचा बाह्य थर घडताना एखाद्या जागी दोष राहतो, त्याला फोकल कॉर्टिकल डिसप्लेजिया म्हणतात, आणि त्यातून फिट येऊ शकतात. तो इतका बारीक असू शकतो की मुरलेल्या रेडिओलॉजिस्टच्याही नजरेतून निसटतो. जागा सापडली तर ऑपरेशनचा विचार सोपा होतो. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 23 केंद्रांतल्या 1,185 जणांचे स्कॅन होते. डॉक्टरांकडून सुटलेल्या दोषांपैकी 64 टक्के या प्रोग्रॅमने पकडले.

बातमीत सहसा न येणारी गोष्ट अशी, की त्यातल्या रुग्णांच्या स्कॅनवर दोषाची हद्द आधी जाणकारांनी हाताने आखून दिली होती, तेव्हा कुठे प्रोग्रॅम शिकला. शिवाय तो निरोगी जागेवरही बोट ठेवतो. ती खूण व्हिडिओ ईईजीशी (चित्रीकरण चालू ठेवून मेंदूतल्या विद्युतलहरींची केलेली नोंद) आणि फिट कशी सुरू होते याच्याशी जुळते का, हे ठरवायला डॉक्टरच लागतो. त्यामुळे ‘एआय आलं, रेडिओलॉजिस्ट संपला’ ही भीती सोडा.

मग निवड रोजच्या कामावरून करा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, पुढे एमडी तीन, न्यूरोलॉजीत डीएम आणखी तीन. पण रुग्ण समोर असतो. दुसरीकडे कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकलमध्ये बी.टेक., मग गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागासारख्या ठिकाणी एम.टेक. तिथे दिवस जातो गणितात, कोडमध्ये आणि (हे कोणी सांगत नाही) वेगवेगळ्या मशीनचे स्कॅन एका साच्यात बसवण्यात. बारावीनंतर लगेच ‘हेल्थकेअर एआय’ अशा नावाच्या महागड्या कोर्सला मी तरी पैसे घालणार नाही.

तूर्त गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही सोडू नका. एमएचटी-सीईटीचे दोन्ही ग्रुप (पीसीएम आणि पीसीबी) देता येतात. सुट्टीत पायथॉन आणि थोडं संख्याशास्त्र करू द्या.

राहिला पुतण्या. हा प्रोग्रॅम सध्या संशोधनापुरता आहे, त्याच्या भरवशावर थांबू नका. अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने तीन टेस्लाचा (म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचा) एमआरआय झालाय का, एवढं त्याच्या न्यूरोलॉजिस्टना जरूर विचारा.