कोकणात चार हजार ब्रॉयलरची शेड: परवानग्यांची सुरुवात सातबाऱ्यापासून करा

तुमचा प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यात वडिलोपार्जित जमिनीवर ४,००० ब्रॉयलरची (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची) शेड टाकायची आहे, ग्रामपंचायत ना-हरकत दाखला देत नाही, आणि प्रदूषण मंडळाची परवानगी लागते की नाही यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी राजापूर तालुक्यात नऊ वर्षं कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करतोय, त्यामुळे अनुभवाचं सांगतो. ग्रामपंचायत थोडी बाजूला ठेवा आणि आधी सातबारा काढा.

घाटावरच्या माणसाला ही अडचण कळत नाही, पण आपल्याकडे एका गटावर दहा-पंधरा नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, आणि दोन-तीन माणसं वारलेली. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं होती. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारस नोंद झालेली नव्हती. मी चिरे उतरवले, पाया घातला आणि मग बँकेत गेलो. बँकेने सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं आणि काम तिथेच अडलं. तो पाया एक पूर्ण पावसाळा तसाच पडून राहिला. शेवटी गणपतीत सगळे गावी आले, तेव्हा संध्याकाळच्या आरतीनंतर पडवीत सतरंजी टाकून एकेकाच्या सह्या घेतल्या. एक काकी आली नव्हती, तिच्यासाठी डोंबिवलीला जावं लागलं. तुम्ही वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आजच द्या आणि संमतीपत्राचा मसुदा गणपतीच्या आधी तयार ठेवा. वाटप झालेलं असेल तर उत्तमच.

आता प्रदूषण मंडळ. केंद्रीय मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार एका जागी एका वेळी ५,००० पेक्षा जास्त पक्षी असतील तर राज्य मंडळाचं संमतीपत्र लागतं, बांधकामाआधी एक आणि सुरू करताना एक. तुम्ही ४,००० वर आहात, म्हणजे त्या मर्यादेच्या आत. पण पुढे त्याच जागी दुसरी शेड टाकलीत तर दोन्हींचे पक्षी एकत्र मोजले जातील. म्हणून अंतरं पहिल्यापासूनच मोठ्या फार्मची पाळा: वस्तीपासून ५०० मीटर, नदी, तलाव, कालवा आणि पिण्याच्या पाण्यापासून १०० मीटर, राष्ट्रीय महामार्गापासून १०० आणि राज्य महामार्गापासून ५० मीटर. आपल्या वाड्या विखुरलेल्या, दर दोन आगरांमागे एक घर. तिथे ५०० मीटर मिळणं कठीण, हे मला ठाऊक आहे. तरीही टेप घेऊन स्वतः मोजा, आणि कागदावर नकाशा काढून त्यावर शेजाऱ्यांची विहीर दाखवा. जांभ्या दगडातून पाणी झिरपतं, त्यामुळे विहिरीचं अंतर हा फक्त नियमाचा प्रश्न नाही, ते पाणी माणसं पितात.

जमीन समुद्राच्या किंवा खाडीच्या बाजूला असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, बघायलाच हवं. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, खाडीकाठी हा पट्टा कमी असतो. तुमचा गट त्यात येतो का हे मंजूर नकाशावर बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर पाया घालू नका.

ना-हरकत दाखल्याचं म्हणाल तर अर्ज लेखीच द्या आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजतात. सोबत अंतरांचा नकाशा, पक्ष्यांची संख्या आणि मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावणार ते लिहा. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्या, अशी नम्र विनंती त्याच अर्जात करा. माझ्या बाबतीत तीन महिने तोंडी 'बघू' चाललं होतं, लेखी अर्ज गेल्यावर विषय मासिक सभेत आला. खरा विरोध वासाचा आणि घोंगावणाऱ्या माश्यांचा असतो, आणि तो रास्त असतो. ज्यांची घरं वाऱ्याच्या दिशेला आहेत त्यांच्याकडे सभेच्या आधी स्वतः जाऊन बोला.

आणि वासाबद्दल शेजाऱ्यांना दिलेला शब्द जुलैत पाळावा लागतो. आपल्याकडच्या पावसात शेडमध्ये अंथरलेला भाताचा तूस ओल धरतो, अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात आणि पहिली तक्रार तेव्हाच जाते. रोज सकाळी निपलच्या (पक्ष्यांना पाणी प्यायच्या तोटीच्या) खालचा तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, भुगा सुटला तर ठीक. ओला भाग काढा, चुना मारा, उरलेला तूस रोज उलटा. पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून छप्पर तीन-चार फूट तरी बाहेर काढा. माझ्याविरुद्ध एकदा अर्ज झाला होता, तो याच चुकीमुळे, आणि चूक माझीच होती.

अनुदानाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं कोंबड्यांसाठीचं ५० टक्के अनुदान गावठी जातींच्या पैदास केंद्रासाठी आहे, कराराच्या ब्रॉयलरसाठी नाही, त्यात वर्ष घालवू नका. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला शेतीसमकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला आहे. २५,००० पर्यंतचे मांसल पक्षी त्यात बसतात, म्हणून वीजजोडणीच्या अर्जात शेतीच्या दराची मागणी जरूर करा. जिवंत पक्षी कंपनीलाच देणार असाल तर अन्न परवान्याचा प्रश्न येत नाही. स्वतः चिकन कापून विकायचं ठरवलंत तर नोंदणी लागेल.

शेवटचं, बर्ड फ्लू. २०२१ मध्ये दापोलीत कावळ्यांमध्ये सापडला, २०२५ च्या सुरुवातीला उरणजवळ चिरनेरमध्ये कोंबड्यांत. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर अचानक वाढली तर पक्षी गुपचूप पुरायचे नाहीत, त्याच दिवशी कळवायचं. २००९ च्या कायद्याने ते बंधनकारकही आहे. रोजची मर, औषधं, खाद्य यांची वही ठेवा. तुमच्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा नंबर शेडच्या दारामागे रंगाने लिहा, म्हणजे तुम्ही मुंबईला गेलेले असलात तरी शेडवरच्या माणसाला तो सापडेल.